हौद्यातला बिछाना

४ एप्रिल

ठरलं. सुट्टीत टिंगीला घेऊन मी तलावावर जाणार. आपली पिकअप घेऊन, मुक्कामाला. हॉटेल नाही, आणि लॉज तर मुळीच नाही. लॉजच्या चादरी धुण्यात माझा जन्म गेलाय. कुठल्या गादीवर काय काय सांडतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. आम्ही मायलेकी गाडीतच झोपणार. कसं, ते अजून ठरायचंय.

हे दरवर्षी कबूल करायचे. "यंदा लाँड्रीतून सवड मिळू दे, मग बघ." सवड मिळाली, पण ती त्यांनी लॉजवाल्या बाईसाठी काढली. आमच्याच गिऱ्हाइकाच्या लॉजवर काउंटरला बसायची ती. मळक्या चादरींचे गठ्ठे आणायला हे स्वतःच का जातात, ड्रायव्हरला का पाठवत नाहीत, असं मी कधी विचारलं नाही. उलट, किती कष्टाळू माणूस म्हणून कौतुक करत राहिले. डोळे असून आंधळी, दुसरं काय.

परत "हे" लिहिलं. ही सवय मोडायला हवी. टिंगीचा बाप. असं लिहावं.

वकीलबाई म्हणाल्या, मुलगी सतरा वर्षांची आहे. कुणाकडे राहून पुढे शिकायचं ते सुट्टी संपायच्या आत तिनेच सांगावं. मला त्याची काळजी नाही. बाप घर सोडून गेल्यापासून मी रोज तिच्याच खोलीत झोपते, तिच्या पलंगाशेजारी खाली गादी टाकून. रात्री दचकून उठायची पोर. म्हणजे मला तसं वाटायचं. आमच्या खोलीतल्या मोठ्या पलंगावर मी इस्त्रीचे कपडे रचून ठेवते. तेवढाच त्याचा उपयोग.

७ एप्रिल

जेवताना टिंगीला सांगितलं. घास हातात धरून म्हणाली, "आपण दोघीच?"

"मग आणखी कोण?"

"नाही, सहज विचारलं." जरा वेळाने मात्र स्वतःच फोन घेऊन आली आणि टपावर लावायचे तंबू दाखवायला लागली. पोरीला आवडलंय. मला ठाऊकच होतं.

११ एप्रिल

मुक्कामाचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. विक्रेत्याच्या जिभेवर साखर. म्हणाला, "मॅडम, टपावरचा तंबू म्हणजे पाच मिनिटांत घर तयार. शिडी लावा, वर चढा."

"आणि रात्री खाली उतरायचं झालं तर?"

"शिडी आहे ना, मॅडम."

"शिडी आहे हो. गुडघे कुणाचे आणायचे?"

तो हसला. माझे गुडघे हसण्यासारखे नाहीत. मशीनमधून ओल्या चादरी उपसून उपसून त्यांची पार वाट लागलीय.

एक तंबू त्यांनी लोखंडी घडवंचीवर उघडून ठेवला होता. टिंगी सरसर वर गेली, आत शिरली आणि झिप लावून घेतली. मला वाटलं गंमत करतेय. तेवढ्यात विक्रेत्याचं मला स्टोव्ह, कंदील, घडीच्या खुर्च्या, सगळं दाखवून झालं. वरून हूं नाही की चूं नाही.

"टिंगे, झोपलीस की काय?"

"नाही गं. थोडं थांब ना. इथे किती शांत आहे."

दुकानात गाणी लावलेली, बाहेर रस्त्यावर हॉर्न. कसली शांतता? शेवटी मीच कण्हत कण्हत शिडी चढले आणि झिप उघडली. पाठीवर पडून ती तंबूच्या छताकडे बघत होती. मला पाहून उठून बसली. डोळे लाल झाले होते. नव्या कापडाला एक उग्र वास असतो, त्याने होतं असं.

तंबू घेतला नाही. एक वर आणि एक खाली, ही काय सहल झाली?

१३ एप्रिल

हवा भरायची गादी आणली होती, तिची आज लाँड्रीत जमिनीवर परीक्षा घेतली. एक वळली की दुसरी उडते. टिंगी म्हणाली, "आई, तू श्वास घेतलास तरी मला कळतं." आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. इस्त्रीच्या रोलरवरच्या मावशी काम सोडून बघत उभ्या राहिल्या. मग एका कोपऱ्यातून फुस्स असा आवाज यायला लागला आणि हळूहळू दोघी जमिनीला टेकलो. गादी दुकानात परत.

पण किती दिवसांनी हसलो. तिकडे त्या लॉजवालीला असं हसवता येणार आहे का माझ्या पोरीला?

१९ एप्रिल

दादाच्या वर्कशॉपवर गाडी नेली. माझा थोरला भाऊ. लोखंडाचं काहीही करून देतो, तोंडाने मात्र मोजकंच बोलतो. त्याने टेप लावून गाडीचा मागचा उघडा हौदा मोजला. म्हणाला, "चाकांचे उंचवटे मधे येतात. त्यांच्या मधल्या जागेत झोपलात तर कूस बदलायची पंचाईत. वरून फळी टाकली तर पुरी रुंदी मिळेल, आणि खाली सामान राहील."

"मग तेच कर."

"दोन फळ्या करतो. दोन कडांना दोन, मधे पाय टाकायला जागा. एकीला उठायचं झालं तर दुसरीला ओलांडून जायला नको."

"नको. एकच फळी आणि एकच गादी."

"अगं, पोरगी तुझ्यापेक्षा वीतभर उंच झालीय. तिला विचारलंस का?"

"तिला काय विचारायचंय? जन्मल्यापासून माझ्या कुशीत झोपलीय."

"जन्मली तेव्हा एवढीशी होती," दादा म्हणाला आणि वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढला. त्या ठिणग्या उडायला लागल्या की त्याच्याशी बोलता येत नाही. चांगली सोय आहे त्याची.

२३ एप्रिल

कुरिअर आलं. टिंगीच्या नावाने. आत तंबू. एका माणसाचा.

एका माणसाचा! कापड पाहिलं, शिवण पाहिली. माल उत्तम आहे, खोटं कशाला बोलू. पण नेम धरून मारलेला दगड आहे हा. आम्ही तलावावर जातोय हे बापाला कुणी सांगितलं? टिंगी म्हणाली, "मीच सांगितलं. त्यांनी विचारलं, तुला काय पाहिजे. मी म्हटलं, छोटा तंबू." वर म्हणते, "आई, तू हौद्यात झोप, मी अगदी बाजूला तंबू लावीन. हाक मारलीस तर ऐकू येईल इतक्या जवळ."

जमिनीवर, एकटी? किडामुंगी, भटकी कुत्री, येणारे-जाणारे? ज्याने जन्मात एकदा पोरीला तलाव दाखवला नाही, त्याला आता तिची झोप सुचतेय.

आज तिने माझी गादी गुंडाळून भिंतीला टेकवली आणि खोलीतच तो तंबू उभा केला. "करून बघते, आई. आजची रात्र." मी पलंगावर झोपले, ती तंबूत. हे पहाटे लिहितेय: रात्रभर तिची कूस बदललेलीसुद्धा ऐकू आली नाही. मला मेलीला डोळ्याला डोळा लागला नाही.

२५ एप्रिल

तंबू धुवायला टाकला. नवी वस्तू वापरायच्या आधी धुवून घ्यावी, दुकानात किती हात लागलेले असतात. मोठ्या मशीनला, चादरींच्या सोबत, कढत पाण्यात.

मावशी म्हणाल्या, "ताई, याला मेणासारखं काहीतरी लावलेलं असतं, पाणी आत येऊ नये म्हणून. गरम पाण्यात टिकायचं नाही ते."

"मावशी, तुम्ही तुमचा रोलर बघा," मी म्हटलं.

बाहेर काढला तेव्हा आतल्या अंगाच्या खपल्या निघत होत्या. शिवणीवरच्या पट्ट्या लोंबत होत्या. वाळत घातला. टिंगी आली, तारेखाली उभी राहिली. एक खपली नखाने काढून बोटावर घेऊन बघितली.

म्हणाली, "आई, तू जन्मभर कपडे धुतेस."

एवढंच. आवाज चढवला असता, आदळआपट केली असती तर मला उत्तर देता आलं असतं. हे असं शांतपणे बोलणं तिने कुणाकडून उचललंय ते का मला समजत नाही?

घाईत झालं. कामाच्या गडबडीत होतं एखाद्या वेळी. लोकांच्या शर्टांचेही रंग जातात.

२६ एप्रिल

माझ्याशी बोलत नाही. जेवते, ताट घासते, खोलीत जाते. मीही माझी गादी परत पसरली.

३० एप्रिल

सुंठीवाचून खोकला गेला. आज आपणहून येऊन बसली, माझ्या गुडघ्यांना तेल लावून दिलं. तेल लावता लावता म्हणाली, "आई, मी झोपते हौद्यात. तुझ्याजवळ. तू म्हणतेस तसं."

"खरंच?"

"हो. तुझी इच्छा आहे ना. जाऊया."

जिंकले. बापाच्या तंबूवर माझी फळी भारी पडली. तिचा हात किती हलका आहे, हे विसरलेच होते मी.

७ मे

गाडी तयार झाली. हौद्यावर पत्र्याचं छत, दोन्ही बाजूंना सरकत्या खिडक्या, मागे, खाली पाडायच्या फाळक्याच्या वर ताडपत्रीचा पडदा. आत फळी, फळीवर फोमची एक मोठी गादी. चादर मी लाँड्रीतली नाही घातली. कपाटात न वापरलेली एक होती, निळ्या काठाची, ती काढली. आमच्या लग्नाच्या आधी घेतलेली.

दादाने छताला हवेची झडप ठेवलीय. म्हणाला, "बंद जागेत दोन माणसांच्या श्वासाचं पाणी होतं. सकाळी पत्र्यावरून ठिबकतं. झडप उघडी ठेवा." टिंगी सगळीकडे हात फिरवून बघत होती. हळूच म्हणाली, "मामा, मधे एखादा पडदा लावता येईल?"

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "पडद्याला काय लॉज आहे का हा?" ती हसली. हसली म्हणजे ओठ तरी हलले.

१४ मे, तलावाकाठी

पोहोचलो! उतरती दुपार आहे. गाडी झाडाखाली लावलीय, तोंड रस्त्याकडे, फाळका पाण्याकडे. फाळका पाडला की बसायला छान कट्टा होतो. पाय खाली सोडून दोघी बसलोय. ती पाण्यात खडे टाकतेय, मी लिहितेय.

येताना अर्धी वाट तिने आपल्या शाळेतल्या बाईंची नक्कल केली. मी इतकी हसले की गाडी कडेला घ्यावी लागली. आता भात शिजवू. तिने मघाशी माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि बराच वेळ तसंच राहू दिलं. बोलायची गरजच काय? हेच मला वकीलबाईंना सांगायचं होतं. आई म्हणजे काय ते कागदावर येत नाही.

दहा वर्षं आधी यायला हवं होतं. एकटीने गाडी चालवत येता येतं हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

१५ मे

घरी आलो. दोन दिवस राहणार होतो, एका रात्रीत परतलो. आता लिहून काढते. नाहीतर उद्या मीच म्हणेन, असं नव्हतंच झालं.

सकाळी जाग आली ती कपाळावर थेंब पडल्यामुळे. झडप उघडायची राहिली होती. उजाडलं होतं. शेजारी हात फिरवला तर गादी गार. ताडपत्री वर करून हाका मारल्या. तलावाकडे धावले, अनवाणी. पाण्याकडे बघून माझ्या मनात जे आलं ते इथे लिहिणार नाही.

ती पुढे, गाडीच्या केबिनमध्ये होती. सीटवर गुडघे पोटाशी घेऊन, मान वाकडी करून, गाढ झोपलेली. दोन्ही दारं आतून लावून घेतलेली. मी काच ठोठावली.

"इथे काय करतेस? मेली असतीस ना अवघडून."

"झोप येईना आत."

"मग मला उठवायचं."

"तू झोपली होतीस, आई. खूप दिवसांनी एवढी गाढ झोपली होतीस. माझा दंड धरून. तुझी बोटं एकेक करून सोडवली मी, तू जागी होशील म्हणून."

मी स्टोव्ह पेटवला. चहा हातात दिल्यावर म्हणाली, "मी ठरवलंय. बाबांकडे राहून कॉलेज करणार. सुट्टीत येत जाईन."

मला आधी ऐकूच आलं नाही. म्हणजे आलं, पण ते दुसऱ्या कुणाबद्दल आहे असं वाटलं.

"म्हणून आलीस माझ्याबरोबर? तोंड गोड करायला?"

"नाही. मला यायचंच होतं. तुझ्याबरोबर यायचं होतं मला, खरंच."

मग मी बोलायला लागले. बापावर, लॉजवालीवर, तिने खाल्लेल्या अन्नावरसुद्धा. उचलली जीभ लावली टाळ्याला. पलीकडे एक म्हातारा मासे पकडत बसला होता, तो गळ गुंडाळून उठून गेला. टिंगी चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसून राहिली.

"काय कमी पडलं तुला माझ्याकडे? तिकडे काय सोन्याचा पलंग ठेवलाय?"

"पलंगच नाही अजून. एक खोली आहे, सामानाची होती, ती रिकामी केलीय. लहान आहे. पण तिच्या दाराला कडी आहे."

"मी तुला कधी कोंडून ठेवलं का गं?"

"कडी आतून आहे, आई," ती म्हणाली.

आतल्या कडीसाठी आईला सोडून जाणारी पोर मी पहिल्यांदा बघितली. दाराच्या कड्या बाजारात ढिगाने मिळतात. सांगितलं असतं तर बसवून दिली असती. वाटेल त्या मापाची.

येताना गाडी तिने चालवली. किल्ली मीच तिच्यापुढे टाकली, लायसन्स नाही हे माहीत असून.

१६ मे

काही नाही. अख्खा दिवस चादरी.

२१ मे

गेली.

बाप गाडी घेऊन आला होता. फाटकाशीच थांबला, आत यायची हिंमत झाली नाही. मी रोलरवर होते. मावशी म्हणाल्या, "ताई, जा की बाहेर, मी बघते." मी म्हटलं, क्लिनिकच्या चादरी संध्याकाळी जायच्यात. खरोखरच जायच्या होत्या.

टिंगी आत आली. मागून येऊन तिने मला मिठी मारली, पाठीला गाल लावला. मी म्हणाले, "बाजूला हो, रोलर गरम आहे. हात भाजेल."

ती बाजूला झाली.

संध्याकाळी दादा आला. पाणी प्यायला, जरा वेळ बसला. म्हणाला, "पोरीने एक रात्र काढली ना तुझ्याजवळ. नाही म्हणू शकली असती."

"म्हणजे उपकार केले माझ्यावर?"

"तसं कुठे म्हणतोय मी."

"मग कसं म्हणतोयस?"

"तुझं तू बघ," म्हणाला आणि उठला. माहेरचा आधार म्हणतात तो हा. फळी पक्की बसवून दिली, एवढंच काय ते त्याचं.

२९ मे

तिच्या खोलीत झोपून पाहिलं. तिच्या पलंगावर. नाही जमलं. मोठ्या पलंगावरचे कपडे काढून तिथे पाहिलं. तेही नाही.

१९ जून

हल्ली मी गाडीतच झोपते. लाँड्रीच्या आवारात उभी असते ती. दिवसा गठ्ठे वाहायला भाड्याचा टेम्पो बोलावते, कोण फळी काढणार आणि परत बसवणार? घरात उकडतं. इथे खिडक्या दोन्हीकडे सरकवल्या की वारा येतो, झडपही उघडी ठेवते. एका कडेला झोपते.

आज दिवेलागणीला काम संपवून इथे येऊन आडवी झाले, तेवढ्यात टिंगीचा फोन आला. कॉलेज सुरू झालंय. मैत्रिणी झाल्यात. त्या बाईचं नाव तिने काढलं नाही, मीही विचारलं नाही. मग म्हणाली, "आई, पुढच्या सुट्टीत परत जाऊया का तलावावर? मी एक तंबू मिळवते मैत्रिणीकडून. गाडीच्या अगदी शेजारी लावते. सकाळचा चहा माझ्याकडे."

हो म्हणणारच होते मी. जिभेवर आलं होतं. पण मग वाटलं, म्हणजे आता मी वर्षातून एकदा मिळेल तेवढ्यावर समाधान मानायचं? तेही शेजारी? लॉजवरच्या गिऱ्हाइकासारखं, आज आले आणि उद्या गेले?

म्हटलं, "ते आता कसं जमणार? फळी काढून टाकली मी. गादी मावशींना देऊन टाकली. हौद्यात परत गठ्ठे भरतो आपण."

"कधी काढलीस?"

"झाले बरेच दिवस."

मग म्हणाली, "तू कुठे आहेस आत्ता? आवाज घुमतोय तुझा."

"घरात. आणखी कुठे असणार?"

"बरं," ती म्हणाली. "आई, पावसाचे दिवस आलेत. मागची ताडपत्री नीट खाली ओढून घेत जा."

मी फोन ठेवून दिला.

तिला कुणी सांगितलं? दादाने, नाहीतर मावशींनी. आपल्याच घरात असे फितूर पाळलेत मी. सकाळ होऊ दे, दोघांनाही समोर बसवून विचारणार आहे.